पोरगं स्वित्झर्लंडला गेलं आणि भांडी घासायला लागलं

या महिन्याच्या टपालात स्वित्झर्लंडच्या हॉटेल स्कूलची पत्रं बरीच आहेत. काही तिथे शिकणाऱ्यांची, काही इथे काळजी करत बसलेल्या आईवडिलांची. फी, व्हिसा, प्रवेश यांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. पोरगा किंवा पोरगी बदलतेय, त्याचं काय करायचं, हाच सूर सगळीकडे आहे. निवडक प्रश्न थोडक्यात देतो आहोत.

प्रश्न : माझा मुलगा लोझानजवळच्या एका हॉटेल स्कूलमध्ये पहिल्या वर्षाला आहे. कर्ज काढून पाठवलंय. व्हिडिओ कॉलवर सांगतो, आज बाथरूम घासली, उद्या भांड्यांची पाळी. घरी त्याने कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. सुट्टीत आला तेव्हा फ्रिजमधल्या प्रत्येक डब्याला तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि कालच्या आमटीवरून सासूबाईंशी वाद घातला. आमचे पैसे वाया चाललेत का?
— एक आई, सांगली

उत्तर : नाही. पहिल्या वर्षी हे काम करायला लावतात ते मुद्दामच. लोझानला १८९३ साली जगातलं पहिलं हॉटेल स्कूल निघालं आणि हाताने काम करून शिकायची रीत तेव्हापासूनची आहे. आपल्या दादर केटरिंगलाही, म्हणजे दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतही, विद्यार्थी पलंगाची चादर ताणायला शिकतात. फरक एवढाच, की दादरचा मुलगा संध्याकाळी घरी येऊन आयतं जेवतो, तुमच्या मुलाला खोलीवर जाऊनही स्वतःचंच सगळं करायचं असतं.

बाथरूम घासणे म्हणजे काय, ते जरा जवळून बघा. खोलीत शिरल्यावर आधी कमोडमध्ये क्लीनर टाकून ठेवायचा, कारण त्याला काम करायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात पलंगाच्या चादरी काढायच्या. फडकी रंगाने ठरलेली : कमोडला लाल, बेसिन आणि शॉवरला पिवळं, टेबल-कपाटाला निळं. फडकं दोनदा घडी घातलं की त्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात, एक मळली की दुसरी. पुसायचं वरून खाली, आणि कोरडं काम आधी, ओलं नंतर. पाण्यातले क्षार नळावर बसतात आणि ते काढायला आम्ल असलेलं क्लीनर लागतं. तेच संगमरवरावर सांडलं तर दगडाची चकाकी कायमची जाते, आणि ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. पाहुणा गेलेली खोली साधारण अर्ध्या तासात तयार व्हायला हवी. मग सुपरवायझर येऊन खाली वाकते, उजेड तिरपा पाडते आणि शॉवरच्या कोपऱ्यातला एक केस दाखवते. पुन्हा करा.

नवशिक्या मुलांची फजिती ठरलेली असते. आधी पलंग सुंदर सजवतात, मग बाथरूमच्या ओल्या हातांनी त्यावर डाग पाडतात. नाहीतर एकाच फडक्याने कमोड आणि दात घासायचा ग्लास, दोन्ही पुसतात. ही दुसरी चूक तिथे अक्षम्य समजली जाते.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात आहे ते. आपल्याकडे ही कामं कुणी करायची, हे मुलाच्या जन्माआधीच ठरलेलं असतं. मावशी येतात, मावशी जातात, मुलगा पाय वर घेतो. तिथल्या हॉटेलांत हे काम करणाऱ्यांत पोर्तुगीज बायका पुष्कळ, आणि त्यांतलीच एखादी तुमच्या मुलाची शिक्षिका होते, त्याच्या कामाला नापास करते. घरी मावशींना त्याने कधी नावाने ओळखलं असेल-नसेल, तिथे मात्र त्यांच्याच हुद्द्याच्या बाईकडून सही मिळाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. पुढे तो मॅनेजर झाला तर अर्ध्या तासात एक खोली तयार करणं म्हणजे काय, हे त्याच्या पाठीला माहीत असेल. हे वर्गात बसून येत नाही.

राहिली आमटी. इथे तुमचा मुलगा बरोबर आहे, फक्त बोलण्याची पद्धत चुकली. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. खोल पातेल्यात रात्रभर ओट्यावर राहिलेली आमटी मधोमध कित्येक तास कोमट असते. उपाय सोपा : जेवण झाल्यावर ती पसरट भांड्यात, चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या थरात काढायची, थंड पाण्यात भांडं ठेवून निववायची आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. चिठ्ठीवर पदार्थ, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा आणि कुणी केला, एवढं लिहितात. शिजवलेल्या अन्नाला साधारण तीन दिवस. जुना डबा पुढे, नवा मागे.

त्याला फ्रिजचा एक कप्पा द्या, त्याच्या नियमाने चालवू द्या. सासूबाईंचा कप्पा सासूबाईंचा. महिन्याभरात कुठल्या कप्प्यातलं कमी फेकलं जातं, ते घरातल्या सगळ्यांना दिसेल.

प्रश्न : माझं इंग्रजी चांगलं आहे, फ्रेंचही थोडं येतं. पण रेस्टॉरंटच्या प्रॅक्टिकलला पाहुणा तक्रार करायला लागला की घसा बसतो. मी हसते, मान हलवते आणि तो आणखी चिडतो. मी मुळातच लाजाळू आहे. माझं काही होईल का?
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, माँत्र्यो

उत्तर : लाजाळूपणा राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींनी. घाबरल्यावर आपल्याला हसू येतं, ते युरोपियन माणसाला टिंगल वाटतं. आणि आपली ती गोल डोलणारी मान! तिकडे तिचा अर्थ ‘नाही’ किंवा ‘बघू’ असा घेतला जातो. मान फक्त वर-खाली, तीही एकदाच.

तक्रार ऐकताना थांबा, पूर्ण त्याच्याकडे वळा, हातातली प्लेट आधी खाली ठेवा. मध्ये बोलू नका. त्याचं संपलं की त्याचंच म्हणणं एका वाक्यात परत सांगा : ‘तुम्ही मीडियम सांगितलं होतं आणि हे जास्त शिजलंय.’ माफी एकदाच. पाच वेळा सॉरी म्हटलं की तुमच्या हातात काही नाही असं त्याला वाटतं. मग काय करणार आणि किती वेळात, ते सांगा. किचनमध्ये न विचारता ‘पाच मिनिटांत’ म्हणू नका. नवीन स्टेक शिजून, मुरून यायला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि सहाव्या मिनिटाला तो घड्याळ बघतो. ‘मी किचनला विचारून दोन मिनिटांत सांगायला येते’ हे खरं वचन. दोन मिनिटांनी खरंच या, उत्तर मिळालं नसलं तरी. सुपरवायझरला लगेच कळवा, लपवू नका. बिलाच्या वेळी पाहुणा तिच्याकडे बोलणारच आहे.

फ्रेंचभाषक भागात आधी ‘बॉन्जूर मादाम’, ‘बॉन्जूर मस्यू’, मग बाकीचं. अभिवादन गाळून थेट कामाचं बोललात तर शब्द कितीही गोड असले तरी उद्धट वाटतं. ‘ज माँनोक्यूप तुदस्वीत’, म्हणजे हे मी लगेच हातात घेते, हे एक वाक्य झोपेतही यायला हवं इतकं घोटा. आणि बिलाचे आकडे! पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये पॅरिसचं फ्रेंच शिकवतात. तुमच्या व्हो प्रांतात सत्तरला सेप्ताँत, ऐंशीला ह्विताँत, नव्वदला नोनाँत म्हणतात. हे ऐकायची सवय नसली की पहिल्याच बिलाला गोंधळ होतो आणि त्याचा दोष आपण उगाच आपल्या लाजाळूपणाला देतो.

आवाजासाठी रोज दहा मिनिटं उभं राहून मेनू मोठ्याने वाचा, खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ऐकू जाईल इतका. वाक्याचा शेवट गिळू नका, आपल्याकडच्या मुली तिथेच आवाज सोडतात. घरात ‘हळू बोल’ ऐकत वाढलेल्या मुलीला हे अंगावर येतं. आठवडाभर विचित्र वाटेल, मग फोनवर आईच सांगेल की एवढ्या मोठ्याने का बोलतेस.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. कुकिंगच्या प्रॅक्टिकलला बीफ, पोर्क, वाइन सगळं आहे. चाखलं नाही तर गुण जातील का? घरी खोटं सांगायचं का?
— विद्यार्थी, मूळचा लातूरचा

उत्तर : चाखण्याचे नियम शाळेशाळेत वेगळे असतात. म्हणून सत्र सुरू व्हायच्या आधी प्रॅक्टिकलच्या प्रमुखांना दोन ओळींचा मेल करा : हात लावीन, कापीन, शिजवीन, तोंडात घालणार नाही, चाखायला जोडीदार चालेल का? बहुतेक ठिकाणी चालतं, आधी सांगितलं असेल तर. ऐन परीक्षेत शेफ चमचा पुढे करतो तेव्हा नकार दिला की मात्र तो नखरा वाटतो.

न चाखता चव साधायची तर वजनावर या. किलोभर मांसाला किंवा लिटरभर सूपला ८ ते १० ग्रॅम मीठ ही सुरुवातीची रेघ. सॉस आटणार असेल तर मीठ शेवटी, नाहीतर आटल्यावर खारट. वाइन तर तज्ज्ञही थुंकतातच, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. बरंचसं काम नाकाचं आहे.

पण खरा पेच तुम्हाला वाटतो तिथे नाही. भाज्यांच्या सूपला बऱ्याचदा वासराच्या हाडांचा स्टॉक, म्हणजे उकळून काढलेला अर्क असतो. मूस या गोड पदार्थात पुष्कळदा जिलेटिन, तेही प्राण्यांच्या हाडा-कातडीतून काढलेलं. आणि ग्रुयेर चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणजे ज्या फाँड्यूला, त्या वितळवलेल्या चीजला, शाकाहारी म्हणून गावाकडचे पर्यटक ताव मारतात त्यातही ते आहेच. हे कळल्यावर प्रत्येकाला आपली रेघ स्वतः ओढावी लागते. कुणी चीजपर्यंत जातो, कुणी स्टॉकपर्यंत, कुणी आणखी अलीकडे थांबतो. आजवर घराने ठरवलेलं खाणं होतं, आता तुम्ही ठरवताय. काय ठरवलंत ते कागदावर लिहा, म्हणजे दर पार्टीला नव्याने ठरवावं लागणार नाही. घरी खोटं सांगू नका. ‘शिजवतो, खात नाही’ हे वाक्य आजीलाही कळतं. ती लगेच मान्य करेल असं नाही.

प्रश्न : इंटर्नशिपच्या करारात महिना सुमारे २,३०० फ्रँक लिहिलं होतं. हातात हजाराच्या आसपास आले. फसवलं का? शेफला विचारायची हिंमत होत नाही. ड्युटीही ठरल्यापेक्षा जास्त होते.
— विद्यार्थी, इंटरलाकेन

उत्तर : बहुधा फसवलेलं नाही, पण पगारपत्रक वाचल्याशिवाय ते तुम्हालाही कळणार नाही. समोर ठेवा.

२,३०० मधून वृद्धापकाळ विम्याचे ५.३ टक्के म्हणजे सुमारे १२२ फ्रँक, बेकारी विम्याचे १.१ टक्के म्हणजे सुमारे २५. अपघात आणि आजारपणाच्या विम्याची थोडी रक्कम. परदेशी म्हणून कर पगारातूनच कापतात, तो कँटननुसार, म्हणजे तिथल्या राज्यानुसार, बदलतो. मोठा घास पुढे आहे. हॉटेलने खोली आणि तिन्ही वेळचं जेवण दिलं तर सरकारी दराने दिवसाचे ३३ फ्रँक धरतात : नाश्ता ३.५०, दुपारचं १०, रात्रीचं ८, खोली ११.५०. महिन्याचे झाले ९९०. हे सगळं वजा केल्यावर हजार-अकराशे उरणं हिशोबाला धरून आहे. आरोग्य विमा यात नाही, तो वेगळा भरायचा, देशात आल्यापासून तीन महिन्यांत काढावाच लागतो.

आता बघायचं ते इथे. जेवणाचे महिन्याचे सरसकट ६४५ (दिवसाला २१.५० प्रमाणे तीस दिवसांचे) कापलेत, की खाल्लेल्या जेवणांचे? महिन्यात २२ दिवस काम आणि फक्त दुपार-रात्र जेवत असाल तर १८ गुणिले २२, म्हणजे ३९६ होतात. फरक २४९ फ्रँकचा. हा वाद नंतर घालण्यापेक्षा सही करण्याआधी ‘सरसकट की मोजून’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून घेतलेलं बरं.

ड्युटीचं म्हणाल तर हॉटेल-रेस्टॉरंटांच्या राष्ट्रीय सामूहिक करारात, म्हणजे मालक आणि कामगार संघटनांनी मिळून केलेल्या करारात, वर्षभर चालणाऱ्या हॉटेलला आठवड्याचे ४२ तास ठरलेत, हंगामी हॉटेलला ४३.५, छोट्या धंद्याला ४५. आठवड्याला दोन सुट्ट्या. ड्युटीचा तक्ता दोन आठवडे आधी लावायचा, हंगामी ठिकाणी एक आठवडा. कामाचे तास मालकाने नोंदवायचे आणि महिन्यातून एकदा तरी तुमची सही घ्यायची. आपली मुलं ती सही न वाचता ठोकतात. मग तक्रारीला जागा उरत नाही, कारण कमी तास तुम्हीच कबूल केलेले असतात. रोज आल्याची, सुटल्याची आणि मधल्या सुट्टीची वेळ स्वतःच्या वहीत त्याच दिवशी लिहा.

विचारायचं शेफला नाही, ऑफिसला. सर्व्हिसच्या वेळी नाही, दुपारी. पगारपत्रक आणि वही हातात घेऊन. वाक्य एवढंच : ‘या महिन्याचे तास माझ्या नोंदीशी जुळत नाहीत, आपण एकत्र बघू शकतो का?’ रागही नाही, गयावयाही नाही. साहेबांना पैशाचं विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे आपण घरून घेऊन आलेलो असतो. तिथे न विचारणाऱ्याला समाधानी समजतात. हिशोब जुळला तर आभार मानून बाहेर या. नाही जुळला तर शाळेच्या इंटर्नशिप विभागाला कागदांसकट कळवा, त्यांचं कामच ते आहे.

प्रश्न : दुपारच्या मधल्या सुट्टीत खोलीवर येते आणि रडते. रात्री घरी फोन करावा तर तिकडे सगळे झोपलेले. हे शिक्षण माझ्यासाठी नाही का?
— विद्यार्थिनी, झरमाट

उत्तर : दुपारी अडीच ते साडेपाचची ती सुट्टी, जर्मनभाषक भागात त्सिमरश्टुंडे म्हणतात ती, भल्याभल्यांना खाते. घराबाहेर पडावं तर अंग दुखतं, झोपावं तर झोप लागत नाही, आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहायचंय. ठरवल्याशिवाय तिचं काही होत नाही. पलंगावर फोन घेऊन पडलात तर तीन तास जातात आणि उठताना डोकं जड. आधी वीस मिनिटं झोप, गजर लावून. मग वीस-तीस मिनिटं बाहेर चाला, बर्फात सुद्धा. किचनमध्ये दिवसाचा उजेडच मिळत नाही, मन उतरण्यात त्याचा मोठा हात असतो. फोन तीन वाजता करा. तुमच्या तीनला महाराष्ट्रात उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, चहा नाहीतर कुकरची वेळ. रात्री अकराला सुटून केलात तर तिकडे अडीच-साडेतीन.

सुट्टीच्या दिवशी स्वतःचं जेवण करा. मात्र फोडणी मंद आचेवर, झाकण हातात, खिडकी उघडी. हॉस्टेलमधल्या धुराच्या अलार्मला मोहरी कळत नाही आणि अग्निशमनवाले आले तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, डाळ-तांदूळ शनिवारीच आणा. रात्री दहानंतर मिक्सर नको, शेजारी खरंच दार वाजवतात.

आणि हे लक्षात ठेवा : दोन-अडीच आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण जाईना, कामावर पाय थरथरायला लागले, तर ही घरची आठवण राहिलेली नाही. शाळेचा समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा. ‘मला इथे शिकायचं नाही’ हा निर्णय झोप परत आल्यावर घ्या. तेव्हाही तोच राहिला, तर तो मोकळेपणाने घ्यायलाही हरकत नाही.

प्रश्न : कोर्स संपवून गोव्यात हॉटेलला लागलोय. सगळे ढिले वाटतात. मी बोललो की ‘आले फॉरेनवाले’ म्हणतात.
— वाचक, पणजी

उत्तर : म्हणणारच. ‘तिकडे असं असतं’ हे वाक्य पहिले तीन महिने बंद. तिकडचं बरंचसं इथे चालतही नाही. गोव्याच्या पावसाळी हवेत मिठाची भांडी दगड होतात, ब्रेडचं कुरकुरीत कवच तासाभरात मऊ पडतं, पुसून ठेवलेले ग्लास पुन्हा धुरकट दिसतात. लाइट गेल्यावर वॉक-इन फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही, हे तिथल्या पोऱ्याला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. त्याला विचारा.

एकच गोष्ट हातात घ्या. तुमच्या सेक्शनच्या फ्रिजचं तापमान सकाळी आणि संध्याकाळी लिहायचा तक्ता दारावर लावा, तुम्हीच भरा. ५ अंशांच्या वर गेलं की वेळ लिहून मेन्टेनन्सला फोन. कुणाला भरायला सांगू नका. त्या तक्त्यामुळे मासळी एकदा वाचली की पुढचा आकडा दुसरं कुणीतरी लिहितं.